न्हाणीचे पाणी

इरा, ओजस, मागच्या रविवारी तुम्ही मला फोनवर तुमच्या घरामागची हिरवळ दाखवलीत. तिच्यात पिवळी फुले उगवली होती आणि ओजसच्या हातात फवारणीची बाटली होती. इराने विचारले, "आजी, हे मारलं तर मधमाशा मरतील का? शेजारचे गुलाब मरतील का?" मी म्हटले, सांगते. उत्तर लहानच होते आणि ते मी त्याच दिवशी पाठवले. पावसानंतर माती हाताला चिकटेनाशी झाली पण अजून कोरडी पडली नाही, अशी वेळ गाठा. खुरपे मुळाच्या खाली घाला. तण समूळ काढा. उघडी पडलेली जागा पाल्याने झाका. आणि ती बाटली दुकानात परत करा. पण हे मी कुठून शिकले ते त्या उत्तरात मावले नाही. म्हणून हे प्रकरण. तुमची आई वाचून दाखवील. वाचताना ती कुठे थांबली तर तिला घाई करू नका. तिलाही मी हे कधी सांगितलेले नाही.

आमचे गाव घनसावंगीकडचे. घर मातीच्या धाब्याचे, पुढे ओसरी, मागे परस, आणि घर व परस यांच्यामधल्या भिंतीला लागून न्हाणी. न्हाणी म्हणजे काळ्या फरशीचा एक चौकोन, त्याला कमरेएवढा आडोसा आणि कोपऱ्यात पाण्याचा हंडा. फरशीच्या उताराला भिंतीत एक भोक होते. घरातल्या सगळ्यांच्या अंघोळीचे पाणी त्या भोकातून पलीकडे परसात पडायचे आणि तिथून दांडाने, म्हणजे एका अरुंद चरातून, गयाआत्याच्या वाफ्यांत जायचे. आमच्या भागात पाणी दोनदा उपयोगी पडल्याशिवाय त्याला सुटका नसे. सकाळी मी अंथरुणातच असायची तेव्हा आधी फरशीवर तांब्या ठेवल्याचा आवाज यायचा, मग अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चुळा, मग भिंतीपलीकडे पाणी पडल्याचा आवाज, आणि त्याच्या मागोमाग आत्याचे फावडे. एका वाफ्याचे तोंड बुजवायचे, दुसऱ्याचे उघडायचे, ओली माती फावड्याने थापटायची. कोण न्हातेय हे तिला पाण्यावरून कळायचे. "शकू, आज नुसतं तोंड ओलं करून आलीस का गं?" ती भिंतीपलीकडून मला ओरडायची. "माझी गवार तहानलेली राह्यली इकडं."

गयाआत्या अण्णांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला बैलगाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडले. गाडी थांबली, ती उतरली, गाडी वळली, एवढेच. मी तेव्हा खूप लहान होते, पण आई सांगायची की तिच्या अंगावर एकही दागिना नव्हता. पदराच्या गाठीत फक्त बिया होत्या. वालाच्या, दोडक्याच्या, कारल्याच्या, लांब काटेरी वांग्याच्या. "एवढंच माझ्या हातचं होतं, ते आणलं," ती म्हणाली. त्याच दिवशी, पाण्याचा तांब्याही हातात घेण्याआधी, तिने ओसरीवर उभे राहून अण्णांना सांगितले, "दादा, भाकर तुझी खाईन. कोरड्यास माझं मी पिकवीन." कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर जे काही लावून खातो ते, भाजी म्हणा, आमटी म्हणा. अण्णा म्हणाले, "बरं." त्यांना वाटले, दुःखातले बोलणे आहे, चार दिवसांत विरेल. ते विरले नाही. मी कळत्या वयाची झाले तोवर आमच्या घरात उलटे झाले होते. आत्या आमची भाजी खात नसे आणि आम्ही सगळे तिची खात होतो. आंबटचुक्याची पातळ भाजी, वरून लसणाची फोडणी. वालाच्या शेंगा तिखटात. दोडक्याच्या शिरांची खरपूस चटणी. ताट वाढले की ती आधी अण्णांच्या ताटाकडे बघायची. अण्णांनी भाजी दुसऱ्यांदा मागितली की ती स्वतःचे ताट ओढून घ्यायची. टाकलेली बहीण भावाच्या घरी कशी बसते, कशी उठते हे मी गावात इतरत्र पाहिले होते. आमची आत्या ताठ बसायची. तो ताठपणा त्या परसातून येत होता, हे तुम्ही लक्षात ठेवा.

तणाशी तिचे वैर होते पण ते तिच्या पद्धतीचे. सकाळचे पाणी जिरून माती भुसभुशीत झाली की ती खुरपे घेऊन बसायची आणि तिच्यासमोर कौसाबाई. कौसाबाई धनगराची, नवरा मेंढरांमागे, घरी शेळ्या. दोघींचा करार असा की उपटलेले तण उपटणारीचे. ते कौसाबाईच्या शेळ्यांना जायचे. पण सगळे नाही. तांदुळजा, घोळ, पाथरी निघाली की आत्या ती वेगळी काढायची, कारण ती तिची भाजी होती. ओजस, तुझ्या त्या पिवळ्या फुलासारखेच आमच्या पाथरीचे फूल असते. आत्या तिची पाने कच्चीच खायची, ठेच्याबरोबर. मिरचीच्या बुडातली घोळ तर ती काढतच नसे. "राहू दे, जमीन झाकून धरते बिचारी," म्हणायची. रांजणाच्या तिवईखाली एक भला मोठा बेडूक राहायचा. दिवेलागणीला तो बाहेर यायचा आणि वाफ्यांच्या कडेने किडे टिपत फिरायचा. त्याचे नाव पाटील. "पाटील निघाले गावात," कौसाबाई म्हणायची, "पोट बघा कसं हाय, खऱ्या पाटलासारखं!" आमचे अण्णा गावचे पाटील नव्हते, पण पोट त्यांचेही होते, आणि मग दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. तिवईजवळ खुरपे चालवायचे नाही असा आत्याचा हुकूम होता.

एकाच तणाला तिच्याकडे क्षमा नव्हती. हरळी. तुम्ही जिला दूर्वा म्हणता, गणपतीला वाहता, तीच. शेतकऱ्याच्या लेखी तिच्याएवढा दुसरा वैरी नाही. मुळाचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला तरी महिन्याभरात ती हातभर पसरते. आत्या हरळीच्या मुळ्या मातीतून एकेक ओढून काढायची आणि धाब्यावर उन्हात कडक वाळवून चुलीत घालायची. पण गणपतीला तर ती लागणारच. म्हणून तिने एका फुटक्या दगडी डोणीत थोडी हरळी लावून ठेवली होती. डोणी फरशीच्या तुकड्यावर ठेवलेली, म्हणजे मुळे खाली उतरायला नकोत. "देवाची म्हणून ठेवलीय, न्हाईतर लायकी न्हाई तिची," ती म्हणायची. चतुर्थीला अण्णांच्या पूजेला दूर्वा तिनेच आणायच्या, आणि त्या डोणीतूनच, हा घरचा रिवाज होता.

माझी मॅट्रिक झाली होती आणि कॉलेजचे अजून ठरत नव्हते, त्या पावसाळ्यात गावात गाजरगवत फार माजले. पांढऱ्या बारीक फुलांचे ते झाड तोवर आमच्या आज्या-पणज्यांनीही पाहिलेले नव्हते. गोठ्याच्या मागे, गल्लीच्या कडेने, आमच्या कुंपणालगत ते कमरेला लागले. कुठलेच जनावर त्याला तोंड लावत नसे. आणि माझ्या आईच्या अंगाला ते बाधले. आधी हातांना खाज, मग मानेवर, मग पापण्या सुजून डोळे मिटले. तिची कातडी फुटून पाणी यायचे. दिवसभर ती माजघराच्या अंधारात ओले फडके तोंडावर घेऊन पडून असायची आणि तिचा श्वास ओसरीपर्यंत ऐकू यायचा. आत्या आणि कौसाबाई हातांना चिंध्या बांधून ते उपटायला गेल्या, तर दोघींचेही हात कोपरापर्यंत लाल झाले. तेव्हा अण्णा जालन्याला गेले आणि पितळी पंप व औषधाचा डबा घेऊन आले.

अण्णांविषयी एक सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. ते अतिशय टापटिपीचे होते. धोतराची घडी, दौत, जोडे, सगळे जिथल्या तिथे आणि स्वच्छ. माझ्या कपाटाला तुम्ही हसता ना, ते त्यांच्याकडून आले आहे. ते शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूतून. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. डब्यावरचा मजकूर सगळा इंग्रजी, म्हणून त्यांनी मला ओसरीवर समोर बसवून तो वाचायला लावला आणि प्रत्येक वाक्याचे मराठी करून घेतले. डोळ्यांना लागू देऊ नये. जनावरांना फवारलेले चारू नये. वापरानंतर पंप स्वच्छ धुवावा. प्रत्येक वाक्यावर ते "बराबर" म्हणत होते.

आत्या दारात उभी राहून ऐकत होती. अण्णा तिला म्हणाले, "गया, उरलं तर तुझ्या वाफ्यातलंबी मारून देतो. खुरपून खुरपून कंबर मोडून राह्यली तुझी."

"माझी कंबर माझ्यापाशी राहू दे. माझ्या परसात ह्याचा थेंब नको, दादा."

"अगं, हे तणच मारतं."

"तण कोणतं अन् भाजी कोणती हे त्याला कुणी शिकवलं? तांदुळजा मी पेरते का? आपला आपण येतो. त्याला हे काय म्हणंल, सोयरा का चोर?"

अण्णा हसले. "बिलकुल न्हाई मारत. तुझ्या परसात पायसुद्धा ठेवणार न्हाई. जबान दिली."

"कुणाची शपथ?"

"तुझी."

"माझी नको. मी मेले तर तुला आंबटचुका कोण खाऊ घालंल? आईची घे."

अण्णांनी आईची, म्हणजे माझ्या आजीची शपथ घेतली. ती केव्हाच वारलेली होती, तरी तोंडाने ते "अम्माची शप्पत" म्हणाले. आणि शपथ त्यांनी पाळली. वारा परसाकडे नसेल अशी सकाळ निवडली. तोंडाला उपरणे बांधून गोठ्यामागचे, गल्लीतले, कुंपणाबाहेरचे गाजरगवत फवारले. कुंपणाशी पोचल्यावर पंप खाली ठेवून हाताने वारा पाहिला आणि तिथून मागे फिरले. मग पंप धुवायचा प्रश्न आला. "आडावर न्हाई," ते स्वतःशीच बोलले, "पिण्याचं पाणी हाय. नदीवरबी न्हाई, जनावरं पितात." तोंडाने पाणी पिणाऱ्या सगळ्यांचा विचार त्यांनी केला. आणि पंप न्हाणीत नेला. राख लावून, काथ्याने घासून, वास जाईपर्यंत धुतला. जितका चांगला धुतला तितके वाईट झाले.

गाजरगवत आठवड्याभरात पिळवटून पिवळे पडले. आईच्या पापण्या उतरल्या. ती उठून चुलीपाशी येऊन बसली तेव्हा आत्याने तिच्या पुढ्यात गवतीचहाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "वैनी, तुमचं तोंड दिसलं एकदाचं." औषधाने माझ्या आईला बरे केले, हे लिहायलाच हवे. एकाच बाजूचे लिहून ठेवणे मला आवडत नाही.

पण तोवर पलीकडे वालाच्या वेलांची टोके वाकायला लागली होती. आधी वाटले वाऱ्याने. मग पाने बोटांसारखी निमुळती होऊन आत वळली. वांग्याच्या देठांना पीळ पडला, जसे कुणी ओले फडके पिळावे. मिरचीची पाने आकसली. फूल येईना, आलेले टिकेना, आणि फूलच नाही म्हटल्यावर भोपळ्यावर सकाळी गुणगुणणाऱ्या माश्याही यायच्या थांबल्या. पावसानेही ओढ दिली होती. परसाला न्हाणीच्या पाण्याशिवाय दुसरे पाणी नव्हते. आत्याला वाटले, रोग आहे. तिने राख टाकली, ताक शिंपडले. पाणी कमी पडत असेल म्हणून आम्हाला दोन दोन हंड्यांनी न्हायला लावले, आणि फरशीच्या फटींत जे काही मुरलेले होते तेही धुऊन वाफ्यांत गेले. एका सकाळी दांडात गांडुळे वर येऊन पडली होती, पांढुरकी, सुकलेली. त्यांच्या पुढे पाटील उताणा. आत्याने त्याला फावड्यावर घेतले आणि डोणीच्या बाजूला पुरले. 

माणसाला कारण सापडले नाही की माणूस माणसाकडे बोट करतो. कौसाबाई खुरपायला आली तेव्हा आत्या म्हणाली, "तू येऊ नको आता. तुझी नजर लागली माझ्या वाफ्याला. रोज म्हणत होतीस, लई लागलंय गं बाई, लई लागलंय."

कौसाबाई तिथेच खुरपे टाकून उभी राहिली. "माझी नजर? गये, माझ्या नजरेत एवढी ताकद असती तर तुझ्या नवऱ्याला नसती का लावली मी?" आणि तणाचा भारा न उचलता निघून गेली. पुढे कितीतरी दिवस तिच्या शेळ्या आमच्या दारावरून जायच्या, पण ती मान वळवत नसे.

नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात गाजरगवत पुन्हा फुटले आणि अण्णांनी पुन्हा पंप काढला. त्या दुपारी मी आत्याजवळ परसात होते. ती वालाच्या मांडवाखाली उकिडवी बसून वाळकी पाने खुडत होती. अचानक भिंतीच्या भोकातून पाणी आले. कोरड्या दिवसांत, भर दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना आलेले पाणी. आत्याचा चेहरा असा उजळला की मला तो अजून दिसतो. "दुपारी कोण न्हाऊन राह्यलं गं?" म्हणत ती फावडे घेऊन उठली आणि सगळ्यात आजारी वाफ्याचे तोंड तिने आपल्या हाताने उघडले. पाणी आत शिरले. मग ती थांबली. पाण्यावर तेलकट तवंग होता. तिने ओंजळीत पाणी घेतले आणि नाकाशी नेले.

ती तशीच, ओल्या हातांनी, भिंतीला वळसा घालून न्हाणीपाशी आली. मी मागे. अण्णा धोतर खोचून फरशीवर बसले होते आणि काथ्याने पंपाची नळी घासत होते.

"दादा, काय करून राह्यलास?"

"पंप धुतोय. ह्याचा वास जाता जात न्हाई. मागच्या बारीला इतका धुतला होता, तरी."

"मागच्या बारीला इथंच धुतलास?"

"मंग काय आडावर धुऊ?" असे म्हणून त्यांनी वर पाहिले. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या हातांकडे, मग फरशीच्या उताराला, जिथे राखेचे करडे पाणी अजून भोकाकडे चालले होते. ते झटकन उठले आणि त्यांनी आपला पाय त्या भोकावर ठेवला. पाणी त्यांच्या पावलाभोवती साचायला लागले. साठीकडे झुकलेला माणूस, अंगाला राख लागलेली, एक पाय भिंतीला टेकवून उभा. 

"आता पाय कामून ठेवतोस?" आत्या म्हणाली. "जायचं ते गेलं."

"गया, मी तुझ्या परसात पाय ठेवला न्हाई."

"न्हाई ठेवलास. जबान पाळलीस तू."

तिने हात पदराला पुसले आणि ती घरात आली नाही. तशीच बाहेर पडून थेट कौसाबाईच्या झोपडीकडे गेली, मीही तिच्या मागे धावले. कौसाबाई दावणीशी होती. आत्या लांबूनच ओरडली, "माझ्याकडचा पाला शेळ्यांना घातलास का गं?"

"तुझ्या पाल्याला हात लावला न्हाई तवापासून. माझी नजर लागती ना."

आत्या होती तिथेच बसली आणि तिने सगळे सांगितले. कौसाबाईने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरं झालं भांडलीस. न्हाईतर आज माझी दावण रिकामी दिसली असती." ती तिच्याजवळ येऊन बसली, पण हात धरला नाही. मैत्री परत जुळली असे मी लिहू शकत नाही. दोघी शेळ्यांकडे बघत बसल्या होत्या एवढेच.

अण्णांनी जमेल ते सगळे केले. वरची माती काढून गाडीने बाहेर टाकली, नदीची गाळमाती आणून भरली, आडाचे पाणी स्वतः खांद्यावरून वाहिले. आत्याने पदराच्या गाठीतल्या त्या वाणांच्या राखून ठेवलेल्या बिया पेरल्या. वालाचे कोंब वर आले ते वाकडेच, मान मोडलेल्या पाखरासारखे, आणि दुसरे पान फुटायच्या आत गेले. ते बियाणे तिने सासरच्या अंगणात वाढवलेले होते. तसे दुसरीकडे मिळणारे नव्हते.

आणि ती भाकरी नुसती खायला लागली. आधी चटणीबरोबर, मग एक दिवस म्हणाली, मिरची तरी बाजारातूनच आली आहे, दादाच्या पैशाची. मग मिठाबरोबर. मग पाण्यात बुडवून. आई वाटी घेऊन तिच्यापुढे बसायची. "वन्सं, तुमच्या पाया पडते. घासभर घ्या. माझ्या हातचं घ्या."

"वैनी, तुमचं अंग बरं झालं न्हवं? मंग झालं तर. मला खाता येत न्हाई, त्याला मी काय करू?"

ती हे रागाने म्हणत नसे. राग असता तर तो कधीतरी उतरला असता. अण्णा जेवताना मान खाली घालून बसायचे आणि भाजी दुसऱ्यांदा मागत नसत. ती आता ताठ बसत नसे. भिंतीला टेकून बसायची, उठताना जमिनीला हात लावून उठायची, आणि अण्णा खोलीत आले की पदर पुढे ओढून घ्यायची, जशा दुसऱ्यांच्या घरातल्या बहिणी करायच्या.

इथे मी क्रम मोडून शेवट आधी सांगते, म्हणजे तुम्ही त्याची वाट पाहत बसणार नाही. गणपती उठल्यावर ती मंठ्याला गेली. तिथे मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण हवी होती, राहायला खोली मिळत होती. अण्णा जीपपर्यंत तिच्यामागे चालत गेले. "लोक काय म्हणतील, गया?" ते म्हणाले. ती म्हणाली, "म्हणतील, कमावून खाते." मंठ्यालाच ती म्हातारी झाली आणि तिथेच गेली. मी कॉलेजात असताना तिला भेटायला जायची. ती मला वाढायची, स्वतःही जेवायची, भाजी भाकरी सगळे. तिथल्या अंगणात एकही झाड तिने लावले नाही. मी एकदा विचारले तर म्हणाली, "जागा परक्याची हाय. कोणाचं पाणी कुठून येतं, काय माहीत."

तुमच्या घराच्या मागच्या नळाचे पाणी कुठे जाते, ते एकदा चालत जाऊन बघा, ओजस. बाटली परत करण्याआधी तुम्ही तिच्यातले काही फवारले असेल, तर हात कुठे धुतलेत तेही आठवा.

आता चतुर्थीचा दिवस. त्या औषधाने रुंद पानांचे सगळे मारले. वाल, वांगी, मिरची, भोपळा, तांदुळजा, घोळ. गवताच्या जातीला ते लागत नाही. गवतीचहा जगला. आणि हरळी जगली. वाफ्यांच्या बांधात कुठेतरी तिचे धागे राहिले असणार, ते आता मोकळ्या जमिनीत सुटले होते. खुरपणारे हात थांबले होते, झाकणारी घोळ गेली होती. मांडवाखाली, दांडात, रांजणाच्या तिवईभोवती, पाटलाला पुरले होते तिथे, सगळीकडे लुसलुशीत हिरवी हरळी. लांबून पाहणाऱ्याला वाटले असते, काय सुंदर परस आहे.

सकाळी अण्णांनी मूर्ती पाटावर ठेवली. आईने तबक लावले, फुले होती, शमी होती. अण्णांनी सवयीने मागे न बघता हात पुढे केला. "दूर्वा?"

आत्या मागच्या दाराने आत आली. दरवर्षी ती डोणीतल्या कोवळ्या दूर्वा निवडून, जुड्या बांधून, केळीच्या पानावर आणायची. त्या दिवशी तिच्या डोक्यावर टोपले होते, गुरांना वैरण आणावी तसे, वरपर्यंत भरलेले. तिने ते अण्णांच्या पाटाशेजारी उतरवले.

"घे दादा. एकवीस कर, शंभर कर. अवंदा कमी न्हाईत."

अण्णा टोपल्याकडे बघत राहिले. दूर्वा वाहण्याआधी धुवायच्या असतात. ते उठले, टोपले उचलले आणि सवयीने न्हाणीपाशी गेले. उंबऱ्यावर त्यांचे पाय थांबले. एका हाताने टोपले छातीशी धरलेले, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि नजर भिंतीतल्या त्या भोकावर.

"धू की," आत्या मागून म्हणाली. "आता तिकडं मरायला काही राह्यलं न्हाई."

अण्णांनी तांब्या कलता केला. भिंतीपलीकडे पाणी पडल्याचा आवाज आला. मी फावड्याच्या आवाजाची वाट पाहिली.